उलट्या होडीखालचा खेकडा

आधीच सांगून ठेवलेलं बरं: या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बेटावरच्या माणसांचासुद्धा बसत नाही, आणि त्यातली निम्मी तर त्या दुपारी तिथं उभी होती. आलापातीनं स्वतः सांगितली असती, तर समजण्यासारखं होतं. त्यानं एकदा एका कुप्याला गळाला लावलं आणि त्या माशानं होडीसकट त्याला दूरच्या आपिया बंदराच्या धक्क्यावर नेऊन सोडलं, तिथून तो चटई विकत घेऊन परत आला, असं तो शपथेवर सांगायचा. पण ही गोष्ट आलापातीनं सांगितलेली नाही. त्याच्यावर गुदरलेली आहे.

आलापाती आमच्या बेटाचा वाटप्या. होड्या परत आल्या की मासे घेऊन कुणी परस्पर घरी जात नाही. सगळे मासे धक्क्याजवळच्या पांढऱ्या खडीवर ओतायचे, आणि वाटप्यानं घरटी ढीग लावायचे. घरात जितकी डोकी, तितका वाटा. होडीत कोण गेलं आणि घरी घोरत कोण पडलं, हे कुणी विचारत नाही. बाळंतिणीचं तीन दिवसांचं पोर हेही एक डोकं. त्या घटकेला बेटावर जो श्वास घेतोय, त्याचा वाटा. आलापातीनं तेवीस वर्षं हे काम केलं, आणि एका शेपटीचीही चूक त्याच्या नावावर नव्हती.

मात्र गेली दोन वर्षं आलापातीला दिसत नव्हतं.

उजेड कळायचा, सावली कळायची, मधलं सगळं नीरफणसाच्या लगद्यासारखं पांढरट. एके सकाळी त्यानं म्हाताऱ्या तेआलोफीच्या डुकरिणीला पाद्रीबाई समजून वाकून नमस्कार केला आणि रविवारच्या प्रवचनाबद्दल दोन शब्द चांगलेही बोलला. नशीब, बघायला एकटी हुलिता होती.

हुलिता ही त्याची नात, बारा वर्षांची. आई न्यूझीलंडात एका इस्पितळाच्या धोबीखान्यात. घरात आजा आणि नात, दोनच माणसं. त्या सकाळी हुलितानं डुकरिणीकडं पाहिलं, आबाकडं पाहिलं आणि त्याच्या शर्टाचं टोक धरलं. ते टोक तिनं मग सोडलंच नाही. वाटपाच्या वेळी ती त्याच्या पाठीशी उभी राहायची, शर्ट ओढून ओढून कुठला ढीग कुणाचा ते सांगायची, लहान-मोठ्या माशांचा मेळ घालायची. लोकांना वाटायचं, पोरगी लाडावलीय, आज्याला चिकटून असते. बोटं आबाची आणि डोळे तिचे, हे दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. होड्या बहुतेक शाळेच्या वेळातच यायच्या. शंखाचा आवाज झाला की हुलिता फळ्याकडं पाठ करून पळायची. केलेमेने मास्तर हजेरीपटावर फुली मारायचे.

आई दर बोटीला लिहायची, पोरीला पाठव. उत्तर हुलिताच लिहायची: 'आबाला मी लागते. इथं बरं आहे.' आणि खाली आबाचा अंगठा धरून शाईत बुडवायची.

आणखी एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी आलापाती गोष्ट सांगायला बसला की आजूबाजूची दहा-पंधरा माणसं जमायची. त्याला थांबवायची हिंमत एकटीत होती. थाप फारच फुगली, की हुलिता मांडीवर हात मारून ओरडायची, "खोटं!" मग हशा, आणि गोष्ट तिथंच संपली, असा नियमच पडला होता. तिनं ओरडल्याशिवाय कुणी चटईवरून उठायचं नाही.

तर अशा या दोघांच्या घरावर तो कागद येऊन पडला.

कागद पाद्रीबाबांनी देवळात वाचून दाखवला. मुलांच्या कामाबद्दलचा कायदा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळात कामाला लावू नये. असं मूल आढळल्यास चौकशी करून त्याला आईबापाच्या ताब्यात द्यावं. आणि याची पाहणी करायला पुढच्या बोटीनं एक बाई येत आहेत. बाकीच्या घरांत आईबाप चुलीशीच बसलेले, तेव्हा ताब्यात द्यायचं म्हणजे परसातून पडवीत द्यायचं. लोक हसले. आलापाती हसला नाही. साऱ्या बेटावर एकाच मुलीची आई पाच दिवसांच्या वाटेवर होती. बाकावर त्याच्या मांडीशेजारी हुलिताची मांडी थरथरत होती. आपली थरथरतेय की तिची, हे त्याला कळेना.

"आबा, मला नेतील?" तिनं घरी येताना विचारलं.

"कोण नेतंय! त्या बाईला मीच कुप्याच्या पाठीवर बसवून परत पाठवतो."

तिनं 'खोटं' म्हटलं नाही.

बेटावरच्या मोठ्यांनीही हाय खाल्लीच होती. कायद्यात काम कशाला म्हणतात, हे कुणालाच नीट समजलं नव्हतं, म्हणून त्यांनी ठराव केला: बाई असेपर्यंत बारक्यांनी कशालाच हात लावायचा नाही. बोट आली त्या दिवशी सगळी पोरं देवळाच्या पायरीवर रविवारचे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून ओळीनं बसवलेली. एका मुलीनं धाकट्या भावाचं नाक पुसलं, तर तीन बायका धावल्या, "अगं, सोड! वाहू दे! बघतेय ना ती!"

बाईचं नाव लेपेका. आजोळ आमच्याच बाजूचं, पण वाढ न्यूझीलंडातली. बोली आमची, पण प्रत्येक शब्द पायात नवी चप्पल घातल्यासारखा. अंगानं भरदार, घामानं निथळलेली, आणि हसताना आधी डोळ्यांनी हसणारी. ती वाईट असती, तर आलापातीला सोपं गेलं असतं.

"घरातलं पाणी भरलं, वाट्याचे मासे उचलून आणले, याला मी मजुरी म्हणत नाही हो," ती सगळ्यांना सांगत होती. "ती पोरं उठवा आधी, ऊन लागेल. मला फक्त हा हजेरीपट समजावून सांगा. एका मुलीपुढं आठवड्यात तीन-तीन फुल्या आहेत. आणि त्या नेमक्या होड्या आल्याच्या दिवशीच्या. ही हुलिता कुठं आहे?"

मास्तर खोकले. मास्तरांनी आलापातीकडं पाहिलं, हे आलापातीला दिसलं नाही, पण कळलं.

"ती गेली," तो म्हणाला. "तुम्ही आलात ना, त्याच बोटीनं. पुढच्या बेटावर आत्या असते तिची."

"मी उतरले त्याच बोटीत ती चढली?"

"तुम्ही या बाजूनं उतरलात, ती त्या बाजूनं चढली."

लेपेकानं कागदावर काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचा तो आवाज आलापातीला रात्रभर ऐकू येत होता. बोट चौथ्या दिवशी परत येणार होती आणि बाईला घेऊन जाणार होती. तीन दिवस. तीन दिवस पोरगी दिसता कामा नये.

पहिले दोन दिवस ती माळ्यावर खोबऱ्याच्या पोत्यांमागं होती. आत्याकडं गेलेली मुलगी माळ्यावर आहे, हे शेजाऱ्यांना कळलं असेल, नसेल. बाईच्या कानावर कुणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहुणीला निरोपाचं जेवण म्हणून मोठ्यांनी झाडून सगळ्या होड्या बाहेर काढल्या. उद्या-परवा ढकलता येईल असं वाटलेलं वाटप आज दुपारीच होणार होतं. आंधळ्यानं, एकट्यानं, साऱ्या गावासमोर आणि त्या पेन्सिलीसमोर.

तोड हुलितानं काढली. वाटपाच्या खडीला लागूनच एक जुनी उलांडीची, म्हणजे बाजूला तोलाचा ओंडका बांधलेली, होडी दगडांवर पालथी घातलेली होती, डागडुजीसाठी. दगडांमुळं खाली वीतभर फट राहायची. "मी आत झोपते. फटीतून सगळी खडी दिसते. शिंपल्यानं वाजवीन. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे पुढं. तू चुकलास तर तीनदा."

"आत ऊन लागेल गं."

"सावलीच तर आहे आत. एक शहाळं दे बरोबर."

सकाळी प्रार्थनेची घंटा झाल्या झाल्या ती आत सरपटली. आलापातीनं होडीवर हात फिरवला. लाकूड आत्ताच कोमट होतं.

शंख वाजला तेव्हा सूर्य माथ्यावर होता. होड्यांनी कुपे ओतले. खडीवर मासा आपटल्याचा ओला आवाज आलापातीनं मोजला. दोनशेच्या पुढं त्याचं मोजणं तुटलं. लोक जमले. पोरांना आज वाटा उचलायची बंदी, म्हणून सगळ्या म्हाताऱ्या टोपल्या घेऊन रांगेत. तेआलोफी सर्वांत पुढं.

"सत्तर वर्षांची झाले," ती म्हणाली, "आणि आज मला कायद्यानं लहान पोर केलं. चल रे आलापाती, लवकर. गुडघे उभं राहू देत नाहीत."

तो पुढं झाला. वाकला. एक मासा उचलला. होडीतून टक, टक. पुढं. चार पावलं. टक. थांब. ठेवला. बोटांना लांबी कळत होती, वजन कळत होतं, आणि जागा शिंपला सांगत होता. दहा घरं झाली, वीस झाली. भीती छातीतून थोडी खाली उतरली. एकदा तीन टक झाले, त्यानं मासा उचलून शेजारच्या ढिगात टाकला आणि उगाच म्हणाला, "हा जरा रोडका होता."

"किती शांतपणे करता हो आजोबा," लेपेकाचा आवाज अगदी जवळून आला. "मी इथं बसले तर चालेल? पाय मोडले माझे."

कर्र असा आवाज झाला. ती होडीवर बसली होती.

आलापातीच्या हातातला मासा सुटला.

"अगं बाई, अशा उघड्या लाकडावर?" ही पाद्रीबाई. पाहुणी उघड्या लाकडावर बसलेली तिला कधीच पाहवली नसती. "थांबा, थांबा." आणि तिनं देवळातली केवड्याच्या पातीची मोठी चटई आणली. ती लग्नात आणि बिशप आल्यावरच निघायची. चारचौघींनी ती होडीवर अशी मानानं अंथरली, की दोन्हीकडून पार खडीपर्यंत लोंबली. वर कुणी चार दगडही ठेवले, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

वारा तर नव्हताच.

हे आलापातीनं कानांनीच पाहिलं. चटईची सळसळ, दगडांचे चार ठोके. फट गेली.

आतून टकटक सुरू झाली. एक नाही, दोन नाही, नुसती भराभर.

"हे काय वाजतंय?" लेपेकानं विचारलं.

"खेकडा." शब्द आपोआप बाहेर आला. "नारळखेकडा आहे आत. नऊ वर्षांपासून राहतो. आमचा ओळखीचा आहे."

"बराच मोठा दिसतोय."

"गेल्या वर्षी त्यानं देवळाची घंटा पळवली होती."

लेपेका हसली आणि आणखी ऐसपैस बसली. "सांगा की. तुमच्या गोष्टींबद्दल फार ऐकलंय मी."

आयुष्यात पहिल्यांदा आलापातीला वाटलं, आपल्याला गोष्टी सांगता यायला नको होत्या. त्याला तिला कंटाळा आणायचा होता, उठवायचं होतं, चहाला पाठवायचं होतं. तो म्हणाला, "बाई, उन्हात कशाला? आत देवळात बसा." ती म्हणाली, वाटप संपेपर्यंत मी हलत नाही. मग वाटप संपवायलाच हवं. तो धावला. ज्याला दिसत नाही असा माणूस माशांच्या ढिगांमधून धावला; पाय घसरला, उठला, ठेवला, उचलला. आता सांगायला कुणी नव्हतं. तेवीस वर्षं पायांना जे माहीत होतं त्यावर तो चालत होता, आणि कान मात्र मागं, होडीकडं.

टक टक. मग नुसतं टक. मग बराच वेळ काही नाही. मग एक, अगदी हलका, लाकडावर नख लागल्यासारखा.

त्याच्या कपाळावरून घाम माशांवर पडत होता. शहाळं एकच दिलं होतं. दोन दिली असती तर! लाकूड सकाळीच कोमट होतं, आता हात भाजेल. तो शेवटच्या ओळीत आला. त्याच्या स्वतःच्या घराचा वाटा नेहमी शेवटचा. हातांनी मासे ठेवले आणि तो ताठ उभा राहिला. "झालं. उठा सगळे. उचला. बाई, तुमचा वाटा तिकडं पहिल्या ओळीत आहे, तेवढा जाऊन बघा."

लेपेका उठली नाही. कागद उलटल्याचा आवाज आला.

"आजोबा, हा शेवटचा ढीग तुमचा ना?"

"माझा."

"यादीप्रमाणं सध्या घरात तुम्ही एकटेच. शेजारी पाद्रीबाबांच्या मावशी एकट्या, त्यांना एक मासा. तुमच्या ढिगात दोन आहेत."

आलापातीनं वाकून चाचपलं. दोन. त्याला ठरवून एकच ठेवायचा होता; सकाळपासून मनाशी घोकलं होतं, एक, एक, एक. पण जो श्वास घेतोय त्याचा वाटा, हे त्याच्या हातांना तेवीस वर्षांचं ठाऊक होतं, आणि हातांना खोटं बोलता येत नव्हतं.

"दुसरा खेकड्याचा," तो म्हणाला.

हशा पिकला. तेआलोफी ओरडली, "खेकड्याला वाटा? मग माझ्या डुकरिणीनं काय घोडं मारलंय?"

आलापाती हसण्याच्या पलीकडचं ऐकत होता. होडीखाली काही नव्हतं. नख नाही, शिंपला नाही. त्यानं श्वास रोखला. काही नाही.

दुसरा मासा त्याच्या हातात होता. त्या घटकेला जो श्वास घेतोय त्याचा. घेतोय का?

आता काय बोलायचं, ते सरळ होतं. उठा, होडी उचला, माझी नात आत आहे. एवढंच. त्यानं तोंड उघडलं, पण ते शब्द येईनात. सत्तरीपर्यंत चारचौघांत खरं बोलायची सवयच लावून घेतली नव्हती. ऐन वेळी ते कुठून येणार? आणि खरं बोलून होडी उचलली, आणि आतून कुणी उठलंच नाही, तर? ते ऐकायला त्याचे कान तयार नव्हते. त्याला पोरीचा आवाज आधी हवा होता. तो कसा काढायचा, हे एकच त्याला येत होतं.

मग भले पेन्सिल काय लिहायचं ते लिहो. भले बोटीनं नेवोत.

तो होडीकडं वळला आणि देवळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या नातीबद्दल विचारत होतात ना? ऐका. बोटीवर चढताना ती इतकी रडली, इतकी रडली, की समुद्र दोन बोटं वर आला."

काही नाही. लोक हसायला लागले होते, आणि त्याचा चेहरा पाहून थांबले.

"कप्तानानं सांगितलं, पोरगी खेकड्याला घाबरते. वांतीही झाली म्हणे तिला, साखरेच्या पोत्यावर."

काही नाही. लेपेकानं पेन्सिल खाली ठेवली होती. "आजोबा, काय होतंय तुम्हाला?"

"आणि मोजता येत नाही तिला!" तो किंचाळला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "ऐकतेयस का गं? सातापुढं मोजता येत नाही त्या पोरीला! हे वाटप मी एकटा करतो! माझे डोळे घारीसारखे आहेत! हुलिता नुसती शर्टाला लोंबकळते, तिचा कवडीचा उपयोग नाही, कधी नव्हता!"

खडीवर एक मासा एकदाच फडफडला आणि थांबला.

मग लेपेकाच्या खालून, बिशपच्या चटईखालून, घोगरा, कोरडा, संतापलेला आवाज आला:

"खोटं! एकसष्ट घरं, तीनशे चार डोकी, आणि आज ही बाई धरून तीनशे पाच! आबा, तुला तर डुकरीण कुठली आणि पाद्रीबाई कुठली, हेसुद्धा दिसत नाही!"